कुपोलाला कार्बन कॅप्चर स्किड : पाटीवर ५ टन, पदरात किती?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना नजरेसमोर ठेवून हे परीक्षण लिहिलं आहे. वस्तू एकच : कुपोलाच्या, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीच्या, धुरातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडणारा अमाईन स्किड, म्हणजे एका चौकटीवर बांधून येणारा छोटा प्लांट. पाटीवर क्षमता दिवसाला ५ टन, आत ३० टक्के मोनोइथेनॉलअमाईनचं पाणी, ज्याला सगळे एमईए म्हणतात, आणि 'धुरातला ९० टक्के सीओटू काढतो' हा दावा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष येतील ते या जातीच्या कुठल्याही यंत्राला कमीजास्त लागू पडतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्रात खोट नाही. पण आपला नेहमीचा कुपोला, म्हणजे आठवड्यात तीन हीट (भट्टी पेटवून केलेली वितळणीची पाळी), धातू-कोक टाकायचं उघडं चार्जिंग डोअर आणि चिमणीच्या डोक्यावर धूर धुणारी पाण्याची टोपी, याला ते जोडणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीला एअर सस्पेन्शन बसवण्यातला प्रकार आहे. तेच यंत्र वेगळ्या जागी नेलं तर उपयोगाचं ठरतं. ती जागा कोणती, हे शेवटाकडे.

आत काय आहे

धूर आधी एका स्क्रबरमध्ये धुऊन ४० अंशांपर्यंत थंड होतो. मग तो अ‍ॅब्सॉर्बर या उंच नळकांड्यात खालून शिरतो, आणि वरून पॅकिंगवर एमईएचं द्रावण उतरत असतं. सीओटू द्रावणात जातो, नायट्रोजन वरून बाहेर पडतो. सीओटू प्यायलेलं हे 'रिच' द्रावण पंपानं प्लेट हीट एक्स्चेंजरमधून स्ट्रिपरच्या माथ्यावर चढतं. स्ट्रिपरच्या तळाशी रीबॉयलर असतो. तिथली वाफ द्रावणाला ११० ते १२० अंशांवर नेते, सीओटू सुटतो, आणि मोकळं झालेलं 'लीन' द्रावण थंड होऊन परत कामाला लागतं.

५ टन म्हणजे ताशी २०८ किलो. तेवढ्यासाठी साधारण सव्वाचार घनमीटर द्रावण दर तासाला फिरावं लागतं. पंप त्याहून फार मोठा दिसला तर खूश होऊ नका. द्रावण जितकं जास्त फिरवाल तितकं ते तापवायला वाफ जास्त लागते. चांगल्या चालणाऱ्या प्लांटमध्ये रिच द्रावणात दर मोल एमईएमागे ०.४५ मोलच्या आसपास सीओटू असतो आणि लीनमध्ये ०.२० ते ०.२५. हे दोन आकडे साध्या टायट्रेशननं रोज काढता येतात. ते किट स्किडसोबत येतं का, हे आधी विचारा. बरेचदा येत नाही.

बांधणीचं म्हणाल तर नळकांडी आणि रीबॉयलर स्टेनलेसचे हवेत. गरम रिच लाइन, म्हणजे एक्स्चेंजरपासून स्ट्रिपरपर्यंतचा तुकडा, सगळ्यात लवकर खातो. तिथं एमएसचा पाइप दिसला तर तिथंच थांबा. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस असेल तर उत्तम. एक बारीक गोष्ट हमखास निसटते. अमाईन तांब्याला आणि पितळेला खातं. स्किडवाला व्हॉल्व्ह स्टेनलेसचेच देतो, पण नंतर एखादं गेज गेलं की आपला फिटर उद्यमनगरातून नेहमीचं, आतली नळी पितळेची असलेलं प्रेशर गेज आणून बसवतो. थोड्याच दिवसांत गेज खोटं बोलायला लागतं आणि द्रावणात तांबं उतरतं. हे तांबं पुढे एमईए सडवायला मदत करतं. गॅस्केट ईपीडीएमचं चालतं, व्हायटॉन अमाईनमध्ये फुगतं. जीआयचा पाइप अजिबात नको.

पाटीवरचे ५ टन कुठे जातात

खरी गंमत इथं आहे. ३६ इंच आतला व्यास असलेला, ताशी ४ टन धातू देणारा कुपोला घ्या. कोक १ ला ७, म्हणजे सात किलो धातूला एक किलो, ताशी सुमारे ५७० किलो. आपल्याकडच्या कोकमध्ये राख भरपूर, म्हणून कार्बन ७५ टक्के धरू. ताशी ४३० किलो कार्बन. कार्बनच्या प्रत्येक किलोचा ३.६७ किलो सीओटू होतो. चुनखडीतून सुटणारा ६०-७० किलो मिळवला की पूर्ण जळाल्यावर ताशी १.६ टन सीओटू. आठ तासांच्या हीटला १२.८ टन, आठवड्याच्या तीन हीटला ३८ टन.

स्किड ताशी २०८ किलोच घेतो. हीट आठ तास चालली तर १.६६ टन. तीन हीटला ५ टन. पाटीवर 'दिवसाला ५ टन' लिहिलंय ते चोवीस तास चालणाऱ्या प्लांटसाठी. आपल्याकडे ते आठवड्याला ५ टन होतं, तेही सगळं सुरळीत झालं तर.

सुरळीत होत नाही. थंड स्ट्रिपर तापून स्थिर व्हायला दोनेक तास जातात. बेड, म्हणजे तळाचा कोकचा थर, पेटवताना लाकडाचा आणि रॉकेलचा धूर असतो, तो द्रावणाजवळ फिरकूही द्यायचा नाही, बायपास करायचा. शेवटी बॉटम (भट्टीचा तळ) पाडण्याआधी चार्जेस, म्हणजे वरून टाकलेले धातू-कोकचे थर, संपत येतात, थराची उंची उतरते आणि वरचा गॅस एकदम तापतो, ६०० अंशांच्या पुढे सहज जातो. त्या अर्ध्या तासात ब्लोअर आणि बॅग फिल्टर वाचवायचे तर पुन्हा बायपास. राहिले साडेपाच तास. आठवड्याला ३.४ टन. ३८ टनांपैकी ९ टक्के.

यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं : रिच द्रावण टाकीत साठवा आणि रात्रभर स्ट्रिपर चालवा. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. आठ तासांत ५ टन शोषायचे तर अ‍ॅब्सॉर्बर तिप्पट क्षमतेचा लागेल, आणि न उकळलेलं सुमारे ७० घनमीटर द्रावण एका टाकीत, तेवढंच लीन दुसऱ्या टाकीत ठेवावं लागेल. सत्तर घनमीटरमध्ये एमईएच वीसेक टन झालं. कोअर शॉप आणि पॅटर्न स्टोअरमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, तिथं या टाक्या कुठं उभ्या करायच्या?

धूर कुठून घ्यायचा

चार्जिंग डोअरच्या खालचा गॅस आणि चिमणीच्या टोकाचा धूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा त्या एकच धरलेल्या असतात.

डोअरच्या खाली गॅसमध्ये साधारण १३-१४ टक्के सीओटू असतो आणि जवळजवळ तेवढाच सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोकमधला अर्धा कार्बन अजून पुरता जळलेलाच नसतो. एमईए सीओटूला धरतं, सीओला शिवत नाही. म्हणजे तिथून गॅस घेतला तर हिशेबातला अर्धा कार्बन स्किडमधून सरळ पार होऊन बाहेर पडतो. वर ब्लोअरच्या नळीत विषारी गॅस, आणि कुठं फटीतून हवा शिरली तर स्फोट. हवेत १२.५ ते ७४ टक्के सीओ असला की एक ठिणगी पुरते. रंग नाही, वास नाही. सीओ अलार्म, सतत पेटता पायलट बर्नर आणि एक्स्प्लोजन डोअर हे कोटेशनमध्ये 'ऐच्छिक' म्हणून लिहिलेलं असेल, तर कोटेशन करणाऱ्यानं कुपोला जवळून पाहिलेला नाही.

डोअरच्या वर गॅस हवेला भेटतो आणि सीओ जळतो. छान. पण उघड्या दारातून आत शिरणारी हवा मोजून येत नाही. खालून ब्लास्टची हवा ताशी २,९०० घनमीटरच्या आसपास असते. दारातून ताशी दहा हजार घनमीटर आत आली तर चिमणीत सीओटू ६ टक्क्यांवर येतो. तेवढेच २०८ किलो पकडायला १५ टक्क्यांच्या धुरात दीड फुटाचं नळकांडं पुरतं, ६ टक्क्यांना जवळजवळ अडीच फुटाचं लागतं. ब्लोअरचं बिलही त्याच प्रमाणात.

म्हणून या यंत्राआधीची पहिली खरेदी म्हणजे दार. दुहेरी झडप असलेलं किंवा स्किप चार्जिंगचं बंद दार, त्याखाली गॅस काढायची रिंग, तिथून आफ्टरबर्नर. मोजलेल्या हवेत सीओ पूर्ण जाळला की सीओटू १५ टक्क्यांच्या वर नेता येतो. हे काम स्किडवाल्याच्या यादीत नसतं, 'बॅटरी लिमिटच्या बाहेर', म्हणजे त्याच्या जबाबदारीच्या हद्दीबाहेर, असतं, आणि खर्चाचा मोठा भाग नेमका तिथंच असतो.

गंधक

कुपोलासाठी पर्यावरण नियमांत सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ३०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, १२ टक्के सीओटूवर दुरुस्त करून. ही झाली साधारण १०५ पीपीएम. एमईएला १० पीपीएमपेक्षा कमी लागतं. प्रदूषण मंडळाचा रिपोर्ट एकदम स्वच्छ असलेला धूरसुद्धा अमाईनसाठी दहापट घाण असतो.

का घाण, तर सल्फर डायऑक्साइड हे सीओटूपेक्षा जोरकस आम्ल. ते एमईएला असं पकडतं की स्ट्रिपरमध्ये कितीही उकळा, सुटत नाही. याला हीट स्टेबल सॉल्ट म्हणतात. नियमाच्या काठावरचा धूर सरळ आत सोडला तर पकडलेल्या दर टन सीओटूमागे दोन किलोच्या वर एमईए याच एका कारणानं कायमचं बाद होतं. उष्णता आणि ऑक्सिजननं दीडएक किलो एरवीही जातंच.

उपाय कॉस्टिकचा स्क्रबर. स्वस्त आहे, ताशी ३०० ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक पुरतं. पण पीएच ६ ते ६.५ वर धरला तरच. ऑपरेटरनं 'जास्त टाकलं तर जास्त स्वच्छ' म्हणून पीएच ९-१० वर नेला की कॉस्टिक सीओटूच प्यायला लागतं, ड्रमच्या ड्रम संपतात आणि नोझलवर सोड्याचे पांढरे खडे बसतात. पीएच मीटरचा प्रोब दर आठवड्याला कॅलिब्रेट करावा लागतो. कुपोलाच्या धुळीत तो लवकर आंधळा होतो. डोसिंग पंप हातानं चालवायची व्यवस्था दिली असेल तर आम्ही या स्किडचा एक तारा इथंच कापतो.

धुळीचंही तेच. स्क्रॅपमध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर येतो, एक मायक्रॉनपेक्षा बारीक. पाण्याच्या टोपीला तो दिसतसुद्धा नाही. तो अमाईनमध्ये उतरला की फेस होतो. फेस झाला की अ‍ॅब्सॉर्बरमध्ये दाबाचा फरक अचानक चढतो आणि द्रावण वरच्या चिमणीतून बाहेर उडतं. मग कुणीतरी अँटिफोमचा कॅन ओततो. फेस बसतो, पण पोटात धूळ तशीच. धूर आधी बॅग फिल्टरमधून हवा, आणि लीन द्रावणाच्या दहा-पंधरा टक्क्यांची वेगळी धार १० मायक्रॉनच्या काडतूस फिल्टरमधून आणि कोळशाच्या फिल्टरमधून सतत फिरायला हवी.

तब्येत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साइट ग्लासमध्ये बघा. नवं द्रावण पाण्यासारखं. काही हीटनंतर फिक्या चहासारखं, इथवर ठीक. बिनदुधाच्या कॉफीसारखं काळं झालं आणि अमोनियाचा वास यायला लागला, की द्रावण सडतंय. त्यानंतर रीबॉयलरचं तापमान तपासा. वाफ भसकन जास्त सोडून कुणी १२५ अंशांवर चालवत असेल तर दोष द्रावणाचा नाही.

वाफ

एमईएवर दर टन सीओटू सोडवायला साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. ३.६ धरा, हिशेब सोपा होतो, कारण ३.६ गिगाज्यूल म्हणजे बरोबर १,००० युनिट.

वाफ विजेवर करायची म्हटली तर हजार युनिट. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७२ किलो सीओटू, म्हणजे एक टन पकडायला ७२० किलो दुसरीकडे सोडला. डिझेल बॉयलरवर जवळपास ११८ लिटर, ३१५ किलो सीओटू, आणि खिशातून दहा हजारांवर रुपये. बगॅसवर सहा-सातशे किलो बगॅस. त्याचा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला, त्यामुळे तो मोजत नाहीत. मात्र गळीत हंगाम संपला की बगॅसचा भाव कुठं जातो ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

आणि एवढं सगळं करताना कुपोलातून किती उष्णता फुकट जाते? वर जो सीओ जळतो, त्याची उष्णता ताशी ५ गिगाज्यूल. स्किडला हवेत ०.७५. आफ्टरबर्नरमागे वेस्ट हीट बॉयलर बसवला आणि साठ टक्केच उष्णता हाती लागली, तरी स्किडला चार वेळा पुरून उरेल. बाहेरच्या बॉयलरवर चालणारा स्किड कुपोलाला जोडणं हे दारात विहीर असताना टँकर मागवणं आहे. ज्या कोटेशनमध्ये आफ्टरबर्नर आणि वेस्ट हीट बॉयलर एकत्र आहेत, तेच वाचायच्या लायकीचं.

पकडलेल्या सीओटूचं काय

इथं फाउंड्रीवाल्याचे डोळे चमकतात, कारण सीओटू तो स्वतः विकत घेतो. सोडियम सिलिकेटचे कोअर, म्हणजे साच्यात पोकळीसाठी बसवायचे वाळूचे गाभे, सीओटूनंच तर कडक होतात. शंभर किलो वाळूला तीन-चार किलो सिलिकेट, वरून काही सेकंद गॅस, कोअर तयार. जास्त गॅस सोडला की कोअर भुसभुशीत होतो आणि कडा हाताला लागते, हे कोअर शॉपमधल्या मावशींना विक्रेत्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मिग वेल्डिंगलाही हाच गॅस.

पण किती? वाळूच्या वजनाच्या एखाद-दोन टक्के गॅस धरला तर रोज एक टन कोअर वाळूला १०-२० किलो. ५ टन सीओटू संपवायला दिवसाला किमान २५० टन कोअर करावे लागतील. उरलेला विकायचा म्हणाल, तर सुकवणं, दाबणं, सिलिंडरमध्ये भरणं आलं, आणि सिलिंडर भरायचा म्हटलं की पेसोचा, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचा, परवाना. उणे २० अंश आणि २० बार दाबाची द्रवरूप टाकी ठेवायची तरी तेच.

विकायला बाजारात जाल तेव्हा समोर उभी असेल डिस्टिलरी. एक लिटर इथेनॉल आंबताना पाऊण किलो सीओटू निघतो. दिवसाला ६० हजार लिटरची डिस्टिलरी म्हणजे ४५ टन, तोही जवळजवळ शुद्ध. त्यात ना गंधक, ना झिंक, ना सीओ. पाण्यानं धुतला, कोळशातून काढला, सुकवला, झालं. अमाईन नाही, रीबॉयलर नाही. उसाच्या जिल्ह्यात कुपोलाच्या धुरातून काढलेला सीओटू या गॅसशी भावात टिकणार नाही. सोडावॉटरवाला तर त्याला हातच लावणार नाही.

जमिनीत पुरावा म्हटलं तर आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, आणि बेसाल्टमध्ये पाण्यासोबत सोडलेला सीओटू दगड होऊन बसतो हे आइसलँडमध्ये कार्बफिक्सनं दाखवलं आहे. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षात दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त गॅसचं खनिज झालं होतं. पण कोल्हापुरात सीओटू नेऊन टाकावा अशी विहीर आज नाही. आज पकडलेला गॅस वापरला नाही तर परत हवेतच सोडावा लागतो, आणि मग आपण नेमकं काय केलं?

मग जमशेदपूरला कसं चालतं

हा प्रश्न प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये विक्रेताच फोटो लावून आणतो. टाटा स्टीलनं सप्टेंबर २०२१ मध्ये जमशेदपूरला ब्लास्ट फर्नेस गॅसमधून सीओटू काढणारा प्लांट सुरू केला, क्षमता दिवसाला ५ टनच. पाटी सारखी, बाकी काही सारखं नाही. ब्लास्ट फर्नेस वर्षानुवर्षे अखंड चालते. तिच्या गॅसमध्ये वीसेक टक्के सीओटू असतो, तो बंद नळीतून दाबाखाली येतो, आणि त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून अमाईन फारसं सडत नाही. सीओटू काढून टाकला की राहिलेल्या गॅसचं उष्मांकमूल्य वाढतं आणि तो परत भट्ट्यांना इंधन म्हणून जातो. त्यांना पकडण्याचा दुहेरी फायदा आहे. आपल्या धुरात सीओटू काढल्यावर उरतो तो नायट्रोजन.

नैसर्गिक गॅसवर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये तर काम आणखी सोपं, कारण तिथल्या प्रक्रियेतच सीओटू वेगळा काढावा लागतो. अबू धाबीत एमिरेट्स स्टीलच्या प्लांटमधून २०१६ पासून वर्षाला ८ लाख टनांची क्षमता आहे. गॅस पाइपलाइननं तेलविहिरीत जातो. नळीच्या दुसऱ्या टोकाला घेणारा आहे, हे तिथल्या यशाचं अर्धं कारण.

इंडक्शन फर्नेसवाल्यांनी हे परीक्षण इथंच सोडलं तरी चालेल. तुमच्या भट्टीतून पकडण्यासारखा सीओटू निघतच नाही. टनामागे ६०० युनिट धरले तर ४३० किलो सीओटू होतो खरा, पण तो वीज केंद्राच्या चिमणीत. वर हिशेबात घेतलेल्या कुपोलाचा आकडाही टनाला ४०० किलोच्या आसपास येतो, म्हणजे 'कुपोला काढला, इंडक्शन लावला, हिरवे झालो' हेही तितकंसं खरं नाही. वीज सौर किंवा पवन करारातून घेतली तरच फरक पडतो.

याच पैशात काय येतं

स्किडच्या शेजारी ठेवून तुलना करावी अशी वस्तू एकच : डिव्हायडेड ब्लास्ट. ट्युयरची, म्हणजे भट्टीत हवा फुंकणाऱ्या तोंडांची, एक ओळ असते तिथं दोन ओळी, मध्ये साधारण ९०० मिलिमीटर अंतर, दोन्हींना वेगवेगळा विंड बेल्ट (हवा वाटणारी पेटी) आणि वेगवेगळा व्हॉल्व्ह, हवा साधारण निम्मी-निम्मी. ब्रिटनमध्ये बीसीआयआरए या कास्ट आयर्न संशोधन संस्थेनं हे विकसित केलं, आपल्याकडे टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं १९९८ मध्ये हावड्याच्या फाउंड्रीत करून दाखवलं. खालच्या ओळीवर तयार झालेला सीओटू वर जाताना कोकशी भिडून सीओ होतो. वरच्या ओळीची हवा तो सीओ तिथंच, धातू वितळतो त्याच पट्ट्यात जाळते. कोकची बचत २० ते ३० टक्के, किंवा तेवढ्याच कोकमध्ये धातू जास्त गरम.

आपल्याच ४ टनी कुपोलावर २५ टक्के बचत म्हणजे ताशी १४० किलो कोक. म्हणजे ताशी ३८५ किलो सीओटू मुळात तयारच झाला नाही. स्किड पकडतो २०८. आठवड्याच्या तीन हीटला ९ टन विरुद्ध साडेतीन. वर कोकचे पैसे वाचतात, वाफ लागत नाही, अमाईन लागत नाही, परवाना लागत नाही.

त्यातही चुका होतात. बेडची उंची जुनीच ठेवली तर वरची ओळ बेडच्या बाहेर राहते, धातू थंड येतो आणि लोक 'डिव्हायडेड ब्लास्ट आपल्याला जमत नाही' म्हणतात. वरच्या ट्युयरसमोर स्लॅग गोठून पूल होतो, तो दर तासाला बघून सळईनं फोडावा लागतो. कोक कुपोलाच्या व्यासाच्या एक दशांश ते एक अष्टमांश हवा, म्हणजे ३६ इंचाला ९० ते ११० मिलिमीटर. चुरा चाळून बाजूला. आणि कोक वजनानं, टोपलीनं नाही. मात्र पावसाळ्यात वजनावरही डोळे मिटून विसंबू नका, भिजलेला कोक वजनाला भरतो, पण आतला कार्बन तेवढाच कमी. आधी हे जमवा.

सीबॅमच्या, म्हणजे युरोपच्या कार्बन सीमाकराच्या, भीतीनं स्किडकडे वळलेल्यांसाठी एवढंच : युरोपच्या २०२३ च्या मूळ यादीत पाइप फिटिंगचा कोड ७३०७ आणि लोखंडाच्या इतर वस्तूंचा ७३२६ आहेत, ७३२५ खालचं कास्टिंग नाही. तुमचा माल कुठल्या कोडखाली जातो ते सीएचएकडून, म्हणजे कस्टम एजंटकडून, लेखी घ्या, मगच यंत्राची चर्चा.

तारे द्यायचेच तर : यंत्र म्हणून पाचपैकी साडेतीन, नेहमीच्या कुपोलाला जोडून एक. ज्यांच्याकडे लाँग कँपेन, पाण्यानं थंड होणारा कुपोला आठवडाभर बंद न पडता चालतो, गॅस डोअरखालून निघतो, आफ्टरबर्नर आणि वेस्ट हीट बॉयलर आहे, आणि सीओटू घेणारा शेजारी लेखी करार करतो, त्यांनी मात्र नक्की बघावा. त्यांनी ऑर्डरमध्ये तीन ओळी घालून घ्याव्यात. एक, क्षमतेची चाचणी सिलिंडरमधला सीओटू सोडून नको, कुपोलाच्या खऱ्या धुरावर, सलग ७२ तास. दोन, टनामागे वाफ आणि एमईए किती, याची हमी किलोमध्ये, टक्क्यांमध्ये नाही. तीन, काळं पडलेलं अमाईन आणि रीक्लेमरचा, म्हणजे अमाईन शुद्ध करणाऱ्या भांड्याचा, गाळ परत कोण नेणार. तो धोकादायक कचरा आहे, गटारीत सोडायचा नाही, रांजणगाव किंवा तळोज्याला मॅनिफेस्टसह पाठवावा लागतो. विक्रेता पहिल्या दोन ओळींवर घासाघीस करेल, तिसऱ्या ओळीला 'ते नंतर बघू' म्हणेल. ती ओळ पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, छापून येईपर्यंत अ‍ॅडव्हान्सचा चेक ड्रॉवरमध्येच राहू द्या.